फॉन्टवर खापर फोडू नका, अक्षरे सेव्ह करतानाच नष्ट होत आहेत

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत मराठी मजकूर नष्ट होत असल्याबाबत

महोदय/महोदया,

तुमच्या नोंदवहीच्या सॉफ्टवेअरचा मी वर्गणी भरणारा ग्राहक आहे. नवी आवृत्ती आल्यापासून मराठी मजकूर सेव्ह करून पुन्हा उघडला की सगळीकडे प्रश्नचिन्हे दिसतात. हे कळवल्यावर तुमच्याकडून उत्तर आले, ‘संगणकावर मराठी फॉन्ट टाकून पाहा.’ फॉन्ट आहेच. हे पत्र त्याच संगणकावर, त्याच फॉन्टमध्ये लिहितो आहे.

फॉन्ट नसला तर अक्षराच्या जागी रिकामा चौकोन येतो. तेवढेच असते तर मी तक्रार केली नसती. चौकोनामागे अक्षराचा क्रमांक, म्हणजे संगणक ते अक्षर ज्या आकड्याने ओळखतो तो, शाबूत असतो आणि फॉन्ट टाकला की मजकूर दिसू लागतो. प्रश्नचिन्हाचे तसे नाही. देवनागरीचा पत्ताच नसलेल्या जुन्या अक्षरसंचात मजकूर कोंबला, की न सापडलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी सॉफ्टवेअर खरोखरीचे प्रश्नचिन्ह लिहून टाकते. मूळ क्रमांक गेला तो गेलाच.

हा अंदाज नव्हे. ‘मराठी’ एवढा एकच शब्द लिहून सेव्ह करा. डोळ्यांना अक्षरे तीन दिसतात, युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीच्या, हिशेबात मात्र ती पाच आहेत : म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. फाइल उघडल्यावर प्रश्नचिन्हेही बरोबर पाचच येतात. म्हणजे सॉफ्टवेअरने शब्द नीट वाचला, एकेक चिन्ह ओळखले आणि लिहिताना फेकून दिले. यूटीएफ-८ या युनिकोडचे क्रमांक फाइलमध्ये साठवण्याच्या पद्धतीत यातले प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे (बाइट म्हणजे साठवणीचे लहान एकक), एकूण १५ बाइट. घोळ वाचण्यात असता तर प्रत्येक बाइट वेगळे चिन्ह समजला जाऊन १५ चिन्हांचा कचरा दिसला असता.

तोही तुमच्याकडे मिळतो, पण दुसऱ्या खिडकीत. नव्या आवृत्तीचा हात न लागलेल्या जुन्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये (तक्त्याच्या साध्या मजकूर फाइलमध्ये) काढल्या, की त्याच शब्दाच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ पाच वेळा येतो, मध्ये अंशाचे चिन्ह, आणि शेवटी येन व युरो ही दोन चलनचिन्हे एकमेकांना चिकटून. इथे बाइट शाबूत आहेत, फक्त फाइल यूटीएफ-८ आहे हे उघडणाऱ्याला कळत नाही. हा दोष त्या मानाने किरकोळ आहे, मी स्वतः निस्तरतो.

‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो ते वेगळेच. काही कीबोर्ड हा अर्धा र एका अदृश्य जोडचिन्हाच्या आधाराने लिहितात. तुमचे सॉफ्टवेअर ते निरुपयोगी समजून काढून टाकते. न दिसणारे सगळेच फालतू नसते, हे तुमच्या प्रोग्रामरना कुणीतरी सांगायला हवे.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून आहे, यूटीएफ-८ १९९२मधले. त्यामुळे ‘प्रादेशिक भाषांसाठी काम सुरू आहे’ हे तुमच्या उत्तरातले वाक्य मला पटत नाही. आधीच्या आवृत्तीत सगळे चालत होते, ते तुम्ही मोडलेत.

सर्वांत गंभीर गोष्ट ऑटोसेव्हची, म्हणजे आपोआप सेव्ह होण्याच्या सोयीची. जुनी नोंद वाचायला नुसती उघडली तरी ती पुन्हा लिहिली जाते, आणि वाचता वाचता नष्ट होते. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत ऑटोसेव्ह आजच तुमच्या बाजूने बंद करा आणि माझ्या खात्यातील नोंदी नव्या आवृत्तीपूर्वीच्या बॅकअपमधून परत द्या. तुमचे बॅकअप किती काळ ठेवले जातात, हेही लेखी कळवा. त्या मुदतीनंतर आलेली दुरुस्ती माझ्या काहीच उपयोगाची नाही. फॉन्ट टाकण्याच्या सूचना कृपया पुन्हा पाठवू नयेत.

कळावे,
आपला एक ग्राहक