शाळेची बाग मुलांच्या हाती द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बाग असलेल्या शाळा कमी नाहीत. कातरलेली हिरवळ, रंगवलेल्या कुंड्या आणि ‘फुलांना हात लावू नये’ अशी पाटी. पाहुणे आले की बाग दाखवली जाते. बालवर्गातली मुले मात्र तिच्या कडेने रांगेत जातात. लहान मुलांची बाग त्यांना उकरायला, भिजवायला आणि थोडीफार बिघडवायलाही मिळावी, असे मला बालवर्ग शिकवण्याच्या अनुभवातून वाटते.

कल्पना नवी नाही. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. त्यांच्या बागेच्या आराखड्यात प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा होता आणि त्याच्या जोडीला सगळ्यांचा सामाईक वाफाही.

‘मातीत खेळून शिकणार काय?’ असे पालक हमखास विचारतात. मुळ्याची एक ओळ लावून पाहावी. चार-पाच दिवसांत अंकुर दिसतो, महिन्याभरात मुळा उपटता येतो; लहान मुलांचा धीर तेवढाच टिकतो. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल जावे, म्हणजे घेवड्याचे बी जास्त खोल आणि मुळ्याचे वरच्यावर. इथे मापन आपोआप सुरू होते. घेवड्याचे बी काचेच्या बरणीत ओल्या कागदाला टेकवून उलटसुलट कसेही ठेवा, मूळ खालीच वळते. मुले बरणी मुद्दाम आडवी करून बघतात. करू द्यावी.

खरी गंमत विरळणीच्या वेळी येते. रोपे दाट उगवली की काही उपटावी लागतात आणि मुले त्याला साफ नकार देतात. कुठले ठेवायचे, का ठेवायचे, उपटलेले दुसरीकडे जगेल का, यावर जो वाद होतो तसे बोलणे बंद वर्गात काही केल्या निघत नाही. शिक्षकांनी निकाल देण्याची घाई करू नये. अर्धी ओळ विरळ करावी, अर्धी दाट ठेवावी आणि मुळे कुठे पोसतात ते मुलांनाच पाहू द्यावे.

लिंबाच्या रोपावरची अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मग हिरवी होते, पुढे कोष आणि फुलपाखरू. पण अळी दिसली रे दिसली की फवारणी करणारी मोठी माणसे प्रत्येक शाळेत असतात! मुलांच्या वाफ्यात कीटकनाशक नकोच.

वाफा ऐंशी-नव्वद सेंटिमीटरपेक्षा रुंद नसावा, नाहीतर मुले मधोमध पाय देतात. झारी लिटरभराची पुरे. कण्हेर, धोतरा, एरंड, गुंज ही विषारी झाडे आवारात नकोत आणि पाण्याची टाकी किंवा बादली उघडी राहू नये. जुना रंग पोपडे धरून पडतो त्या भिंतीलगत खाण्याचे काही लावू नये, त्या मातीत शिसे असू शकते. काम संपल्यावर साबणाने हात धुणे आलेच. जागा नसेल तर तळाला भोके पाडलेली टबेही चालतात.

अडचण जागेपेक्षा वेळापत्रकाची आहे. बाग ‘मोकळ्या वेळेत’ ठेवली की तो वेळ कधीच येत नाही. आठवड्यातून दोन तास नावानिशी बागेला द्यावेत. अर्धा वर्ग बाहेर आणि अर्धा आत, अशी सोय असावी. त्यासाठी आणखी एक मोठे माणूस लागेल. ती नेमणूक व्यवस्थापनानेच करायला हवी, एकट्या बाईंवर हे ओझे टाकू नये.

राहिला सुट्टीचा प्रश्न. पेरणी अशी धरावी की सुट्टी लागण्यापूर्वी पीक निघेल. नंतर वाफ्यावर पालापाचोळ्याचा जाड थर पसरून तो तसाच ठेवावा. शाळा उघडल्यावर थर बाजूला करून खाली काय काय राहायला आले आहे ते मोजणे, हा पहिल्या आठवड्याचा पाठ.

आपली,
एक शिक्षिका