शास्त्रज्ञांच्या केसांवर किती दिवस हसायचं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी भांडुपला घरीच दहावीचे क्लास घेते. दरवर्षी 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, व्हॉट्सॲपवर शास्त्रज्ञांच्या वात्रटिका फिरतात त्या वाचून खरंच वाईट वाटतं, कारण न्यूटनच्या डोक्यात सफरचंद आणि आइनस्टाइनचे पिंजारलेले केस याच्यापुढे गाडी सरकतच नाही. आणि सफरचंद डोक्यात पडलं याला काही पुरावा नाहीये हो, झाडावरून पडताना त्याने बघितलं एवढंच.

खरी गंमत विज्ञानाच्या पोटातच असते. आवर्तसारणी, म्हणजे मूलद्रव्यांचा तक्ता, आली की पोरं जांभया देतात म्हणून यंदा मी फळ्यावर लिहिलं:

मेंडेलीव्हने तक्त्यामध्ये टाकून ठेवला रुमाल,
सहा वर्षांनी गॅलियम आला, झाली की नाही कमाल!

रुमाल टाकून जागा धरणं काय असतं ते आमच्या पोरांना शिकवावं लागत नाही, त्यामुळे 1869 ला हा तक्ता मांडताना मेंडेलीव्हने न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी जागा रिकाम्या सोडल्या आणि 1875 ला गॅलियम येऊन त्यातल्या एकीवर बसलं हे झटक्यात डोक्यात गेलं. भिंतीला टेकून बसणारा एक मुलगा, कधी तोंड न उघडणारा, म्हणाला, "टीचर, पण भलताच कोणी येऊन बसला असता तर?" मग मी सांगितलं की गॅलियम शोधणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने घनता 4.7 मोजली, तर ज्याने तो धातू डोळ्यांनी बघितलासुद्धा नव्हता त्या मेंडेलीव्हने कळवलं की परत मोजा, 5.9 च्या आसपास यायला हवी, आणि शुद्ध नमुना घेऊन मोजली तर तेवढीच आली! पोरांनी टाळ्या वाजवल्या, आवर्तसारणीला.

म्हणून विनंती, मुलांच्या पानावर अशा वात्रटिकांना दर आठवड्याला एक चौकट द्या, फक्त छापण्याआधी विज्ञानाच्या एखाद्या शिक्षकाच्या नजरेखालून घाला.

सुरुवात सी. व्ही. रामन यांच्यापासून करा. 1921 ला युरोपहून परत येताना त्यांनी बोटीवर खिशातलं प्रिझम वापरून समुद्रावरचं आकाशाचं प्रतिबिंब घालवलं, तरी पाणी निळंच दिसलं, आणि त्यावर जो लेख पाठवला त्याच्याखाली पत्ता आहे आपल्या मुंबई बंदराचा. आमच्या पोरांनी पहिली ओळ केलीये:

बोटीवरून रामन पुसती, समुद्रा तू का निळा?

पुढची ओळ 'फळा' आणि 'गळा' यात अडकलीये. तुमच्या वाचकांना सुचली तर जरूर छापा, आम्ही वाट बघतोय.

आपली,
एक शिक्षिका, भांडुप