गॅस भरून घ्या म्हणे!

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यायची यावर अर्धं पान होतं. त्यात "दरवर्षी उन्हाळ्याआधी एसीचा गॅस भरून घ्यावा" असं छापलंय. वाचून मी चहाचा कप खालीच ठेवला, बायकोला म्हटलं, घे, गॅरेजवाल्यांचा सीझन यंदा पेपरवाल्यांनीच लावून दिला. अहो गाडीचा एसी बंद सिस्टीम असते, गॅस काही पेट्रोलसारखा जळत नाही. पाच-सात वर्षांत पाइपातून थोडाफार झिरपतो ते सोडा, पण दरवर्षी भरावा लागत असेल तर कुठंतरी लीकेज आहे आणि ते न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

हे ज्ञान मला फुकट नाही मिळालं. माझी वॅगनआर २०१४ची, एमएच ३१. गेल्या मे मध्ये नवतपा सुरू, बाहेर ४५ च्या वर, आणि एसी गरम हवा फेकून राहिला. घराजवळच एक नवीन मोठं गॅरेज झालं होतं, सगळ्या कंपन्यांच्या गाड्या घेणारं, काचेचा वेटिंग हॉल, कॉफीची मशीन, टाय घातलेला पोरगा टॅब घेऊन फिरून राहिला. म्हटलं इथं तरी फसवणार नाहीत. अर्ध्या तासात त्यानं ३१,४०० चं एस्टिमेट हातात दिलं: कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप), कंडेन्सर (त्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी समोरची जाळी), गॅस, इंजिन डीकार्ब म्हणजे आतली काजळी साफ करणं, आणि "केलेलं बरं राहील अंकल" म्हणून टायमिंग बेल्ट किट. बॉनेट उघडून त्यानं पाहिलं असेल पाच मिनिटं, तेही फोनवर बोलता बोलता.

मी सांगतो म्हणून निघालो. ऑफिसातला एक जण म्हणे, घाट रोडच्या मागच्या गल्लीत एक उस्ताद आहे, त्याच्याकडे जाऊन पहा. गेलो. पत्र्याचं शेड, दोन पोट्टे, कूलरसमोर झोपलेली मांजर. उस्तादानं गाडीला हातसुद्धा लावला नाही आधी, विचारत बसला. गरम हवा सतत येते का कधी कधी? मी म्हटलं वर्धा रोडनं एअरपोर्टकडं सुसाट गेलो की थंड लागते, पण व्हरायटी चौकातल्या सिग्नलला उभा राहिलो की भट्टी. एवढं ऐकून तो हसला. "साब, कॉम्प्रेसर गया होता तो रोड पे भी ठंडा नहीं करता." मग गाडी चालू करून एसी लावला, समोर वाकून पाहिलं, कंडेन्सरचा फॅन फिरतच नव्हता. गाडी पळते तेव्हा समोरून वारा लागतो म्हणून काम भागतं, उभी राहिली की प्रेशर वाढतं आणि कॉम्प्रेसर आपणच कट होतो. रिले, म्हणजे फॅनला करंट देणारा छोटा स्विच, गेलेला होता, पोट्टा जाऊन घेऊन आला, २८० रुपये.

आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा? माझ्या गाडीत के-सिरीज इंजिन आहे, त्यात टायमिंग बेल्ट नसतोच, चेन असते. बाहेरून दिसतो तो फॅन बेल्ट वेगळा. म्हणजे जी वस्तू गाडीत नाहीच ती बदलून द्यायला निघाले होते हे लोक, अन् वरून जीएसटी.

पण साहेब, पत्र लिहायचं खरं कारण पुढं आहे. उस्तादाला विचारलं किती झाले, तर म्हणे रिलेचे २८० आणि वर जे समजून द्याल ते. मी शंभराची नोट काढली आणि मनात वाटलं, वीस मिनिटांच्या कामाचे शंभर खूप झाले. घरी येईपर्यंत माझीच मला लाज वाटायला लागली. ज्यानं ३१ हजार वाचवले त्याला शंभर, आणि डॉक्टरनं पाच मिनिटं नाडी पाहून पाचशे घेतले तर आपण पावतीही मागत नाही! आपल्याकडं मिस्त्रीला बघायचे पैसे कोणी देत नाही. "नुसतं पाहिलं तर, काय केलं काय त्यानं?" असं आपणच म्हणतो. मग तो खाणार काय, तर पार्टमधून काढणार. चांगला पार्ट बदलला तरच त्याच्या घरी चूल पेटते अशी व्यवस्था आपणच करून ठेवली आणि वर आपणच विचारतो की बावा, नागपुरात इमानदार मेकॅनिक काहून भेटत नाही.

आता मी गेल्या गेल्याच सांगतो, आधी तपासा, तपासायचे तीनशे वेगळे घ्या, काम तुमच्याकडं करो की न करो. त्यानं समोरच्याची बोलायची पद्धतच बदलते, हे मी तीन ठिकाणी पाहिलं. दोघं नीट बोलले. तिसरा म्हणे "अहो त्याचे काय पैसे घ्यायचे", आणि दहा मिनिटांत क्लच प्लेट काढायला निघाला, तिथून मी गाडी काढली. काढलेला जुना पार्ट मी डिकीत टाकून घरी आणतो, नवीन पार्टचा डबा एमआरपीसकट पाहतो. बायको म्हणते गच्चीवर भंगाराचं दुकान टाकून राहिले काय. पक्कं बिल घ्यायचं हे तर आलंच, कारण भांडण झालं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बिलाशिवाय काय सांगणार.

बघण्याला किंमत असते हे आमच्या भाऊजींना फार महागात समजलं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदी रस्त्यावर आली, त्यांची गाडी पार्किंगमध्ये सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर शेजारचा म्हणे चावी मारून तर पहा, यांनी मारली. सिलेंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. इन्शुरन्सवाले म्हणाले हे पुरानं नाही, चावी मारल्यानं झालं, आणि अशा नुकसानीसाठी वेगळं घ्यावं लागतं ते इंजिन प्रोटेक्ट कव्हर तुम्ही घेतलेलं नाही. कोणत्याही शहाण्या मिस्त्रीला एक फोन केला असता तर तो म्हणाला असता, बॅटरीची मायनस वायर काढा आणि टो करून आणा. पण सकाळी सकाळी मिस्त्रीला कोण विचारतं.

माझ्या पुतणीची गाडी नवी आहे, तिला सर्व्हिस सेंटरवाल्यांनी भीती घालून ठेवली की बाहेर नुसती दाखवली तरी वॉरंटी गेली. मी तिला २०१४ ची गोष्ट सांगितली, कॉम्पिटिशन कमिशननं, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगानं, १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, बाहेरच्या गॅरेजला ओरिजिनल पार्ट आणि तपासायची साधनं मिळू देत नाहीत म्हणून. कंपन्या कोर्टात गेल्या तो भाग वेगळा. पण साधनं न मिळण्याचा परिणाम मी उस्तादाच्या शेडमध्ये डोळ्यांनी पाहतो. तिची गाडी नेली तर त्यानं सरळ हात जोडले, "इसका स्कॅनर मेरे पास नहीं है, मैं खोलूंगा तो आपका नुकसान होगा." आता जो माणूस आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतो त्याच्याकडं माझी वॅगनआर मी चावीसकट दिवसभर सोडून येतो.

तर साहेब, त्या गॅसच्या ओळीची दुरुस्ती छापा, एवढीच विनंती. उस्तादाचा नंबर पेपरात देऊ का म्हणून मी त्याला विचारलं होतं. म्हणे, "मत दो साब, मई में वैसे भी आठ गाड़ी खड़ी रहती है, आप की नौवीं."

आपला एक वाचक,
मानेवाडा, नागपूर