केशवराव होते तसेच उभे राहावे

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले; दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती! विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये मराठी नाटक जिथे उभे केले, त्या आमच्या सांगलीतही त्या रात्री कित्येकांचा डोळा लागला नाही. सगळे पाडून नवे संकुल बांधा, असे म्हणणारे इथेही भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेल्या वास्तूच्या दगडी भिंती आगीतही तगल्या आहेत, त्या राखूनच काम व्हावे. शेवटच्या रांगेत, मोडक्या हाताच्या खुर्चीवर बसून मी तिथे नाटके पाहिली. नटाने हलक्या आवाजात टाकलेले वाक्यही कानावर यायचे. वायरिंग आणि अग्निशमन यंत्रणा मात्र नवी, चोख हवी. तिथे एक पैसाही वाचवू नये.

– एक नाट्यरसिक, सांगली