दुलीपसिंगांच्या चित्राखाली एवढं तरी छापा

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीतला कोहिनूरवरचा लेख आवडला, पण सोबत महाराजा दुलीपसिंग यांचं जे चित्र छापलंय त्याखाली नुसतं 'पंजाबचे शेवटचे महाराजा' एवढंच! बघणाऱ्याला वाटणार लाहोरच्या दरबारात राजा थाटात उभा आहे. अहो, ते चित्र १८५४ चं, बकिंगहॅम पॅलेसमध्ये काढलेलं, आणि तेव्हा या पोराकडे राज्य उरलेलंच नव्हतं. १८४९ मध्ये दहा वर्षांचा असताना ब्रिटिशांनी त्याच्याकडून तहावर सही घेतली, पंजाब गेला आणि त्याच तहात कोहिनूरही गेला.

चित्रकार फ्रान्त्स विंटरहाल्टर, मूळचा जर्मन. व्हिक्टोरिया राणी, फ्रान्सची युजेनी, ऑस्ट्रियाची एलिझाबेथ, सगळ्यांना पोर्ट्रेट याच्याकडूनच हवं, कारण रेशीम आणि दागिने रंगवावेत ते यानेच, शिवाय समोरचा माणूस आहे त्यापेक्षा जरा देखणाच उतरायचा. दुलीपसिंग तेव्हा १५ वर्षांचा, बुटका, पण पुढे उंच होईल असं धरून याने आधीच उंच काढून टाकला, आणि तो काही तेवढा वाढला नाही शेवटपर्यंत. गळ्यात मोत्यांच्या माळेत बघा, हिऱ्यांच्या कोंदणात एक छोटं चित्र आहे, ते व्हिक्टोरियाचं. ज्यांनी राज्य घेतलं त्यांचीच राणी गळ्यात! हे बारीक छपाईत दिसत नाही, म्हणून तर खाली लिहायला हवं होतं.

याच चित्रासाठी तो उभा राहायचा त्या दिवसांत राणीने त्याला कोहिनूर दाखवला, असं ब्रिटिशांनी त्याच्यासाठी नेमलेल्या पालकाच्या पत्नी लेडी लॉगिन यांच्या आठवणींत आहे. १८६ कॅरेटचा हिरा १८५२ मध्ये पुन्हा कापून साधारण १०५ चा केलेला. पोराने तो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ निरखला आणि राणीच्या हातात परत दिला, दुसरं करणार काय म्हणा. राणीला त्याचं कौतुक होतं, तिने स्वतः त्याची स्केचेस काढलीत, ते कौतुक खोटं होतं असं मी म्हणत नाही, पण हिरा काही तिने परत दिला नाही.

आणि नाशिकचा पेपर म्हणून एक सांगतो. त्याची आई महाराणी जिंद कौर १८६३ मध्ये लंडनला वारली, पंजाबात अंत्यसंस्कार करायला सरकारने परवानगी दिली नाही, म्हणून १८६४ मध्ये मुलगा तिला मुंबईकडे घेऊन आला आणि तिची समाधी इथे पंचवटीच्या बाजूला गोदाकाठी बांधली. १९२४ मध्ये नात बांबा हिने अवशेष लाहोरला नेले. लेखात याबद्दल एक ओळ नाही, याचं खरंच आश्चर्य वाटलं.

छापील अंकाचं आता काही होणार नाही, पण वेबसाइटवर तो लेख अजून तसाच आहे. तिथे चित्राखाली 'विंटरहाल्टर, लंडन, १८५४' एवढं टाकायला काय हरकत आहे?

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक