घर तारण ठेवायचं नाही

प्रिय आई, बाबा,

फोनवर हे नीट बोलणं होत नाही. आई नुसतं "बरं बरं" म्हणते, तिचा आवाज बदलला की मी विषय बदलते आणि सगळं तसंच राहतं. म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा, आईला मोबाईलवरचं बारीक दिसत नाही.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीला मी होकार कळवलाय. आता विचार चाललाय असं नाही, ठरलंय. हायड्रो सायन्स अँड इंजिनिअरिंग, म्हणजे पाण्याचं शास्त्र, दोन वर्षांचं मास्टर्स, इंग्रजीतून. ऑक्टोबरला सुरू होतं, सप्टेंबरच्या शेवटी निघायचं. म्हणजे गणपती घरीच आहेत, आई, मोदक तू आणि मीच करायचे.

आता घराचं. मागच्या वेळी आले तेव्हा तुम्ही कपाटातनं खरेदीखताची फाईल काढून टेबलावर ठेवली होती बाबा, काही बोलला नाहीत, नुसती ठेवली. ती आत ठेवून द्या. आत्याच्या वेळी जे झालं त्यानंतर आपल्या घराचे कागद पुन्हा बँकेत जायला नकोत, निदान माझ्यामुळे तरी नकोत. आणि गरजही नाही, खरंच सांगते. तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी शिकायची फी नसते, बाहेरच्या मुलांनाही नसते. स्टुटगार्टचा कोर्स पण चांगला होता पण त्या राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला 1500 युरो लावतात, म्हणून तो सोडला. ड्रेस्डेनला सेमिस्टरचे काही शे युरो भरायचे, त्यातच ट्राम-बसचा पास येतो. मोठा आकडा आहे तो व्हिसाचा, वर्षाचे 11,904 युरो आधीच ब्लॉक्ड अकाउंटला भरून दाखवायचे, बारा लाखांच्या आसपास जातात. पण ते कुणाच्या घशात जात नाहीत, महिन्याला 992 युरो असे मलाच परत मिळतात, माझं भाडं, जेवण, हेल्थ इन्शुरन्स सगळं त्यातच. निम्म्याच्या वर माझ्या नोकरीतलं साठलंय. उरलेल्याचं लोन, आणि साडेसात लाखांपर्यंत बँक घर मागत नाही, तुमची सही लागते ती सहकर्जदार म्हणून. पुढच्या वर्षासाठी तिथे काम करता येतं, विद्यार्थ्यांना वर्षात 140 पूर्ण दिवसांची परवानगी आहे. आईचे दागिने, एफडी, कशालाही हात लावायचा नाही. हे मी भांडून सांगतेय असं समजा.

तुम्ही विचारलं होतं की पुण्यात चांगली नोकरी आहे, मग एवढ्या लांब कशाला. बाबा, याचं उत्तर तुम्हीच आहात. मी लहान असताना पाऊस लागला की तुम्ही मला आपल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर न्यायचात, खांबावरच्या पट्टीवर पाणी किती फुटांवर आलंय ते मला वाचायला लावायचात, आणि घरी आल्यावर मी आईला आकडा सांगायचे. वारं एवढं असायचं की तुम्ही माझा फ्रॉक मागून मुठीत धरून उभे राहायचात. 2019 च्या महापुरात त्याच पट्टीवर पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्या आठवड्यातलं मला काही लिहायचं नाहीये, आपण तिघांनी ते बघितलंय. पण त्यानंतर प्रत्येक जेवणाला पूर कोयना धरणामुळे का अलमट्टी धरणामुळे हाच वाद, आणि मला तेव्हापासून वाटतं की हे कुणीतरी नीट शिकून येऊन आपल्या कृष्णेवर काम करायला पाहिजे.

ड्रेस्डेन एल्बे नदीवर आहे. ऑगस्ट 2002 मध्ये तिथे पाणी 9.40 मीटरला गेलं. वाइसेरिट्झ म्हणून एक छोटी नदी आहे, शंभरेक वर्षांपूर्वी तिला वळवलं होतं, ती त्या पुरात जुन्या वाटेने परत आली आणि थेट मुख्य रेल्वे स्टेशनात शिरली. मग त्यांनी भिंती केल्या, पाणी चढलं की उभ्या करायच्या, 2013 ला पावणेनऊ मीटरच्या आसपास आलं तरी जुनं शहर बऱ्यापैकी वाचलं. आणि शहराच्या मधोमध नदीकाठची कुरणं मोकळी सोडलीत, पूर आला की पाणी तिथे पसरतं. आपल्याकडे पाणी पसरायचे सखल ओत आणि नाले बुजवून प्लॉट पाडले. हे शिकायला मला तिथेच जायचंय, दुसरं कुठलंच गाव नको होतं.

आई, खाण्यापिण्याची काळजी करू नकोस. डाळ, तांदूळ, कणिक, मोहरी सगळं इंडियन दुकानात मिळतं. कॅन्टीनमध्ये शाकाहारी रोज असतं. नळाचं पाणी पिता येतं. रविवारी दुकानं बंद असतात म्हणून शनिवारीच भाजी आणायची, एवढंच लक्षात ठेवायचं. हॉस्टेलला हीटर असतो, घरात स्वेटरही लागत नाही म्हणतात. तूप आणि पेढे मात्र देऊ नकोस, दुधाचं काही नेऊ देत नाहीत, काढून घेतात. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि आपली हळद चालते. आजीची छोटी पितळी डबी मी नेणारे, विचारायचं राहिलं होतं, नेऊ ना?

मला टोचतं ते एकच. दादा हैदराबादला, आणि काही झालं की पुण्याहून मी रात्रीची गाडी पकडून सकाळी दारात. आता ते जमणार नाही. हे मी खूप वेळा मनात घोळवलंय आणि त्याला उत्तर नाहीये माझ्याकडे. तिथून मुंबई म्हणजे आधी रेल्वेने फ्रँकफर्ट, मग विमान, मग सांगली. म्हणून आता सांगते ते ऐका आणि हो ला हो नुसतं करू नका.

बाबा, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. आई, उपवासाच्या दिवशी साबुदाणा बंद, साखर तीन-तीन महिन्यांनी तपासायची आणि रिपोर्ट मला व्हॉट्सअॅपवर. चष्म्याचा नंबर या महिन्यातच. माळ्यावर बाबांनी चढायचं नाही. आणि पावसाळ्यात 40 फुटांच्या इशारा पातळीची वाट बघायची नाही, आयर्विनला 35 झाले की कागदपत्रांची पिशवी घेऊन दोघांनी मिरजेला मावशीकडे. शेजारी हलले नाहीत तरी तुम्ही हलायचं. यंदा मी आहे, पुढच्या वर्षी मी तिथून पातळी बघत असेन आणि फोन करेन, त्या वेळी "अजून पायरीला लागलं नाही" हे मला ऐकवू नका.

तिथे आणि इथे उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, थंडीत साडेचार. तुमच्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी माझी दुपार असते, तेव्हा रोज फोन. दोन वर्षांनी कामासाठी आणखी काही महिने राहावं लागलं तर राहीन, शिकून झाल्यावर नोकरी शोधायला दीड वर्ष देतात, हे आत्ताच सांगून ठेवते, नंतर कळलं असं नको. पण कृष्णेवर काम करायचं तर यायला सांगलीलाच लागणार. आणि त्या स्थळाचं काय ते, आई, मी आल्यावर बोलू, तू परस्पर नाही म्हणू नकोस आणि हो पण म्हणू नकोस.

शुक्रवारी रात्री येतेय. शनिवार पहिला आहे, बँक चालू असते, सकाळीच जाऊ. बाबांचं पॅन, आधार, मागच्या तीन वर्षांची रिटर्न्स आणि दोन फोटो काढून ठेवा, जुना दाढीवाला फोटो नको, नवीन काढा. घराची फाईल कपाटातच राहू दे.

तुमची
मनू