वस्तुमानाची वजाबाकी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

‘न्यूट्रॉन जास्त झाले की केंद्रक किरणोत्सारी होतं’ हे वहीतलं वाक्य खोडून टाक. शिसे-२०८ मध्ये ८२ प्रोटॉन आणि तब्बल १२६ न्यूट्रॉन, तरी ते स्थिर. कार्बन-१४ मध्ये दोनच न्यूट्रॉन जास्त, तरी ५,७३० वर्षांत ते निम्मं उरतं.

आधी वजाबाकी करायची. जिथे जाता येईल तिथलं एकूण वस्तुमान कमी भरलं, तर केंद्रक आज ना उद्या तिकडे जाणार. कार्बन-१४ मधल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला की त्याचं नायट्रोजन-१४ होतं. कार्बन-१४ चं अणुवस्तुमान १४.००३२४२ एकक, नायट्रोजन-१४ चं १४.००३०७४. फरक ०.०००१६८, त्याला ९३१.५ ने (एक एकक वस्तुमान म्हणजे एवढे एमईव्ही; एमईव्ही हे ऊर्जेचं एकक, दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) गुणलं की ०.१५६ एमईव्ही. एवढी ऊर्जा बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो (प्रभार नसलेला अतिहलका कण) मिळून घेऊन जातात. वस्तुमान अख्ख्या अणूचं घेतलं की इलेक्ट्रॉनचा हिशेब आपोआप जुळतो. पॉझिट्रॉन (धन प्रभाराचा इलेक्ट्रॉन) बाहेर पडत असेल तर मात्र १.०२२ एमईव्ही वजा करायला विसरू नकोस. बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं.

हा फरक येतो कुठून? केंद्रकातले कण बांधून ठेवणारं प्रबल बल लगतच्या कणांपुरतंच पोचतं, पण प्रोटॉनांचं प्रतिकर्षण केंद्रकभर, प्रत्येक जोडीत. म्हणून जड केंद्रकांना जास्त न्यूट्रॉन लागतात. ते अति झाले की नव्या न्यूट्रॉनला वरच्या ऊर्जापातळीत बसावं लागतं, आणि त्याचा प्रोटॉन होणंच स्वस्त पडतं.

शिवाय जोड्या: प्रोटॉनची प्रोटॉनशी, न्यूट्रॉनची न्यूट्रॉनशी जोडी जमली की केंद्रक थोडं हलकं होतं. पोटॅशियम-४० मध्ये १९ प्रोटॉन, २१ न्यूट्रॉन, म्हणजे दोन्हीकडे एकेक कण एकटा. कॅल्शियम-४० आणि अरगॉन-४० दोन्ही त्याहून हलके, त्यामुळे ते दोन्हीकडे जातं: सुमारे ८९ टक्के कॅल्शियमकडे, उरलेलं अरगॉनकडे. कॅल्शियमकडे जाताना १.३११ एमईव्ही सुटतात, कार्बन-१४ च्या आठपटीहून जास्त. तरी अर्धायुकाल (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे १२५ कोटी वर्षं! कारण केंद्रकाची फिरकी (स्पिन, म्हणजे त्याचा कोनीय संवेग) ४ वरून ० वर आणावी लागते आणि असं संक्रमण फार क्वचित घडतं. म्हणजे वजाबाकी दिशा सांगते, वेग नाही.

आता बेरिलियम-८ (८.००५३०५) तू सोडव. ते दोन हेलियम-४ मध्ये फुटतं. प्रत्येकाचं वस्तुमान ४.००२६०३. फरक कार्बन-१४ पेक्षाही कमी येईल, तरी ते सेकंदाच्या एक हजार लाख कोटीव्या भागाइतकंही टिकत नाही. का, तेही लिही. इथे कुठल्याही न्यूट्रॉनचा प्रोटॉन व्हावा लागत नाही, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
आई